दोन वारांचा उपास

लालबाग,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय सरू,

तिळगूळ घे आणि गोड बोल. माझ्याकडून गोड बोलणं या वर्षी व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

रिपोर्ट आला. छातीत सुई घालून जो तुकडा काढला होता ना, त्याचा. टीबी नाही. फुप्फुसातल्या गाठी लिम्फोमाच्या आहेत म्हणे. म्हणजे कॅन्सरच गो, नाव काय पण ठेवा. चार महिने सगळी चाळ म्हणत होती, सुभद्राला मिरची बाधली. मीही तेच म्हणत होते. पस्तीस वर्षं लोकांचे मसाले भाजून, डंकावर कुटून देतेय, मला खोकला येणार नाही तर काय गाणं येणार?

पण कॅन्सरचं राहू दे बाजूला. त्या कागदावर खाली एक ओळ होती, ती वाचून आमच्या स्वप्नीलने कागद घडी घालून खिशात ठेवला. 'ईबीव्ही पॉझिटिव्ह.' खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, व्हायरस आहे तो." मग त्याने मोबाइलवर बघितलं, सूनबाईने, आकांक्षाने बघितलं. लाळेतून पसरतो, पापा घेतल्याने होतो, असं लिहिलंय. सरू, मी मनवाचे किती पापे घेतले असतील! आठ महिन्यांची पोर. तिला पेज भरवायला लागल्यापासून गरम आहे का बघायला चमचा आधी मी माझ्या तोंडाला लावायचे. आपल्या आया तेच करायच्या ना? मग मी माझ्या नातीला कॅन्सर चमच्याने भरवला की काय?

त्याच संध्याकाळी वळकटी उचलली आणि शेजारच्या खोलीत आले. मसाल्याची पिंपं ठेवतो ती. मधलं दार लावलं, आतून कडी. सूनबाई ताट उंबऱ्यावर ठेवते, ती गेली की मी उचलते. माझं ताट वेगळं, पेला वेगळा. तोंडाला मास्क लावून गॅलरीच्या टोकाला संडासला जाते, तेवढंच माझं बाहेर जाणं. खिडकी उघडली की समोर नव्या टॉवरची भिंत, हात लांब केला तर लागेल. दाराच्या पलीकडे पोर रांगते. फरशीवर तिचे तळवे आपटतात ते ऐकत बसते.

फोन करू नकोस. तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, मला दोन वाक्यांत ढास लागते आणि या भिंतींना कान आहेत. आपलं पत्रच बरं. शेजारची कांता रोज तुमच्या गिरगावात पोळीभाजी केंद्रावर कामाला येतेच, तिच्याकडे देत जा. पण पाकीट चिकटवून. बाई चांगली आहे, पण तिला डोळे आहेत.

तू जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असल्याच गाठींच्या काचा रंगवल्यास. मला गोडगोड नको. मनवाला होईल का, एवढंच सांग.

तुझी
सुभा


गिरगाव,
१६ जानेवारी

प्रिय सुभा,

पहिलं काम, कडी काढ. मग पुढचं वाच.

मी डॉक्टर नाही, पण नोकरीची शेवटची सहा वर्षं याच विषाणूच्या चाचणीच्या काचा माझ्या हातून गेल्या आहेत. ज्या पेशीत तो असतो तिचा गाभा काळपट निळा दिसतो. आता ऐक. हा विषाणू तुझ्यात आहे, माझ्यात आहे, कांतात आहे, तुझ्या डॉक्टरीणबाईंमध्येसुद्धा असणार. आपल्याकडे पोर शाळेत जायच्या आत बहुतेकांना तो होऊन जातो. दोन दिवस ताप, घसा, आई विसरूनही जाते. मग तो अंगात राहतो, पागडीच्या भाडेकरूसारखा. एकदा शिरला की निघायचं नाव नाही, पण त्याचा कुणाला त्रासही नाही. मनवाला तुझ्याकडून नाही मिळाला तर बालवाडीत कुणाच्या तरी उष्ट्या पेल्यातून मिळेल. विषाणू मिळणं म्हणजे कॅन्सर मिळणं नव्हे. कॅन्सर चमच्याने भरवता येत नाही, वेडाबाई.

मग तुझ्याच छातीत तो का उठला, हे मला विचारू नकोस. विषाणूमुळे गाठ झाली, की गाठ आपली आपण होत होती आणि तो तिथे नुसता सापडला, यावरून आमच्या लॅबमधले दोन मोठे डॉक्टर चहाच्या वेळी हमरीतुमरीवर यायचे. एवढं मात्र दोघेही मानायचे की अंगातली पहारा देणारी शक्ती खाली गेली, की तो डोकं वर काढू शकतो. ती का खाली गेली, हे डॉक्टर शोधतील. साखर, एचआयव्ही, चालू असलेली औषधं, सगळं विचारतील.

म्हणून एक विचारते. तुझ्या संधिवाताच्या गोळीचं त्यांना सांगितलंस ना? अकरा वर्षं घेते आहेस. आठवड्याला एक. तुमच्या लालबागच्या मेडिकलमधून घ्यायची नाही म्हणून पट्टी मीच इथून घेऊन पाठवते, वर 'कॅल्शियम' लिहून. ते कांताला कळू नये म्हणून. डॉक्टरांना कळू नये म्हणून नाही.

आज गुरुवार, म्हणजे तुझा उपास. काहीतरी पोटात घाल गं. आणि कडी काढलीस का ते कळव.

तुझी
सरोजिनी


लालबाग,
२१ जानेवारी

प्रिय सरू,

नाही काढली.

तुझं पत्र चारदा वाचलं. पागडीचा भाडेकरू वाचून इतकी हसले की ढास लागली, तेव्हा पलीकडून आकांक्षाने दारावर थाप मारली, "आई, पाणी देऊ?" तुझ्यावर माझा विश्वास आहे गो. पण तू बसलीस गिरगावात. इथे सूनबाई दिवसातून तीनदा मनवाच्या बाटल्या उकळतेय. तोंडाने चकार शब्द नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी मनवाचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. चाळीतली सतरा पोरं जमली. मी दाराच्या फटीला डोळा लावून. तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे ओतले, पोरं तुटून पडली, आणि ही बया मध्ये बसून टाळ्या पिटते! घाबरली नाही, रडली नाही. पहिलं ओवाळणं आजीचं असतं. आकांक्षाने दाराशी येऊन हाक मारली, "आई, या ना." मी म्हटलं, तुम्ही करून घ्या. परत हाक मारली. तिसऱ्यांदा नाही मारली. मग कांताने ओवाळलं. एक बोर घरंगळत दाराखालून माझ्याकडे आलं, ते पुसून खाल्लं. आंबट होतं.

माझ्याच घरात मी चोर झालेय, सरू. आणि कुणी कोंडलेलं नाही, हे तर अजून वाईट.

गोळीचं डॉक्टरांना सांगितलं हो. सगळं सांगितलं. तू नको काळजी करू. या वेळी पट्ट्या दोन पाठव, कांता पुढे गावी जाईल म्हणतेय. आणि मी गुरुवारच्या जोडीला आता सोमवारही धरते. महादेवाला म्हटलं, तू पण बघ काय जमतंय का. तसंही तोंड आलंय, तिखट काही जात नाही, त्यामुळे उपास सोपा जातो.

तुझी
सुभा


गिरगाव,
२३ जानेवारी

प्रिय सुभा,

गोळीचं सांगितलंस हे वाचून जीव भांड्यात पडला. दोन पट्ट्या सोबत देते आहे. कांताला म्हटलं, हाडं ठिसूळ झाली हो आमच्या सुभाची. ती म्हणाली, "मला पण द्या की चार." मी घाबरून पिशवीला गाठ मारली.

सोमवार पण? धन्य आहे. शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हा मधल्या सुट्टीच्या आत डबा संपवणारी तू. आता दोन-दोन देवांना कामाला लावलंस. तोंड आलंय त्याला साजूक तूप लाव.

बोरन्हाणाचं वाचून मात्र तुला दोन फटके द्यावेसे वाटले. तिसऱ्यांदा हाक मारली नाही म्हणतेस. दोनदा मारली, ते नाही का मोजायचं?

तुझी
सरोजिनी


लालबाग,
८ फेब्रुवारी

प्रिय सरू,

काल परळला हॉस्पिटलात जाऊन आले. इंजेक्शनं ठरली. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला पहिलं. मग दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलतात नीट. म्हणाल्या, "आजी, औषध कडक आहे, तुमचं वजन एकेचाळीस किलो. रक्तातल्या पेशीही खाली आल्या आहेत. अंगाला झेपायला हवं." न झेपलं तर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्वप्नील मात्र विचारायला परत आत गेला. बाहेर आला तेव्हा पोराचे डोळे लाल. मला म्हणतो, एसीने झाले.

बाई त्या व्हायरसपायी कोड्यात पडल्यात. साखर नाही, एचआयव्ही नाही, कुठलंही औषध नाही, मग हा उठला कसा, असं म्हणत पेन आपटत होत्या. आकांक्षा सगळं वहीत लिहून घेत होती. तिचं अक्षर बघ कधी, छापल्यासारखं.

येताना टॅक्सीत मनवा तिच्या मांडीवर, मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मास्क लावून. आरशात बघत होते पोरीला. दोन दात आलेत खालचे. मला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार, दार कोणी लावलंय?

खोलीत मिरचीचा वास आहे, त्याने खोकला वाढतो. पण दुसरी खोली कुठे आहे?

तुझी
सुभा


गिरगाव,
१० फेब्रुवारी

सुभा,

'कुठलंही औषध नाही.' हे तीन शब्द मी काल दिवसभर वाचत बसले. तू त्यांना सांगितलेलं नाहीस. मला लिहिलंस सांगितलं म्हणून, आणि मी वेडी, दोन पट्ट्या पाठवून मोकळी झाले.

आज सकाळी उठून दादरला गेले, आमच्या लॅबच्या जुन्या साहेबांकडे. आता निवृत्त आहेत. त्यांनी माझ्यासाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तेच तुला उतरवते. ही मेथोट्रेक्सेटची गोळी सांध्यांची सूज उतरवते, ती अंगातला पहारा मंद करून. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही माणसांत हाच विषाणू उठतो आणि अशाच गाठी होतात. आता पुढचं दोनदा वाच. त्यांतल्या काहींच्या गाठी नुसती गोळी बंद केली की आपोआप ओसरायला लागतात. सगळ्यांच्या नाही. तुझ्या ओसरतील असं कुणी सांगू शकत नाही. पण ते बघितल्याशिवाय तुझ्या एकेचाळीस किलोंत ते कडक औषध घालायचं नसतं.

आणि मी हिशेब केला. पट्टीत दहा गोळ्या. आठवड्याला एक, म्हणजे पट्टी दोन महिन्यांच्या वर पुरायला हवी. जुलैपासून तू दर महिन्याला मागते आहेस. मी, जी आयुष्यभर काचा मोजत आली, मला दहापर्यंत मोजता आलं नाही. काय करतेस तू त्या गोळ्यांचं?

गुरुवारपर्यंत डॉक्टरांना फोन कर. नाही केलास तर मी स्वतः जाऊन सांगेन.

सरोजिनी


लालबाग,
११ फेब्रुवारी

सरोजिनी,

तू मैत्रीण आहेस की पोलीस?

ठीक आहे, ऐक मग. गुरुवारचा उपास-बिपास काही नाही. कधीच नव्हता. गोळी घेतली की दिवसभर मळमळतं, अन्नाचा घास जात नाही. घरातली बाई जेवली नाही तर चार जण विचारतात, काय होतंय? उपास म्हटलं की कुणी विचारत नाही, उलट पाया पडतात. अकरा वर्षं लोक माझ्या भक्तीचं कौतुक करतायत. जुलैपासून बोटं इतकी आखडली की सकाळी वेणी घालता येईना. लोकांच्या मिरच्या निवडायच्या होत्या, मनवाला आंघोळ घालायची होती. बाळंतिणीला मी सांगू, की माझ्याच्याने होत नाही? मग सोमवारी दुसरी घ्यायला लागले. झाला सोमवारचा उपास. तुला कळवलं ते खूप नंतर.

आता तुला वाटेल, एवढं लपवायचं काय. इथल्या मेडिकलवाल्याने पहिल्याच दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं होतं, "काकी, ही कॅन्सरमध्ये पण देतात." म्हणून तुझं गिरगाव. पण ते काहीच नाही. आकांक्षाचं तुला कधी बोलले नाही. लग्न ठरायच्या आधी तिने मला एकटीला दादरला भेटायला बोलावलं. पीयूष मागवलं, प्यायली नाही. म्हणाली, "काकू, माझ्या आईने किडनीचं दुखणं आमच्यापासून लपवलं. पडली त्या दिवशी कळलं. मी एकोणीस वर्षांची होते, सहा वर्षं तिचं सगळं केलं. आजारपणाला मी पळणारी नाही. पण तुमच्या घरात कुणाला काही असेल तर आत्ता सांगा. मला अंधारात ठेवू नका. बाकी काही मागत नाही."

गोळी माझ्या पर्समध्ये होती, सरू. मी म्हटलं, मुली, मी ठणठणीत आहे.

का, तर मला ती मुलगी सून म्हणून हवी होती. अशी सरळ बोलणारी पोर मी आमच्या सात पिढ्यांत पाहिली नव्हती. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती शेजारी बसली होती, वही उघडून. माझ्या तोंडून नाहीच निघालं. आता ते 'नाही' तिच्या अक्षरात फाइलला लागलंय. मी कुठल्या तोंडाने खोडू?

सतरा तारखेला जे व्हायचं ते होऊ दे. इंजेक्शनाने मेले तर निदान खरी माणूस म्हणून मरेन तिच्या लेखी. तू तोंड उघडलंस तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, आणि आपलं संपलं.

सुभद्रा


गिरगाव,
१४ फेब्रुवारी

सुभा,

तुझी शपथ मोडली. आज सकाळी.

काल गुरुवार अख्खा वाट पाहिली. कांताला दोनदा विचारलं, सुभाने काही दिलं का. संध्याकाळी ठरवलं. मी बहिरी, समोरच्याचं निम्मं कळत नाही, म्हणून सगळं एका कागदावर लिहून नेलं. गोळीचं नाव. अकरा वर्षं. जुलैपासून आठवड्याला दोनदा. चिठ्ठी जुनी, तपासणी कधीच नाही. आणि शेवटची ओळ, 'गोळ्या आणून देणारी मी', खाली माझं नाव आणि पत्ता.

अडीच तास बाकावर बसले. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलल्या. मी कानाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिलं: 'गोळी आजच बंद. आठवड्यातल्या त्या दुसऱ्या गोळीने जीव जाऊ शकला असता, तोंड आलं ते त्याचंच. सोमवारचं इंजेक्शन थांबवते. उद्या सकाळी घरच्यांसह आणा.' तोंडाला तूप लाव म्हणणारी मी.

स्वप्नीलला त्यांचा फोन हे पत्र पोचायच्या आधीच आलेला असेल. घरी काय झालं असेल ते मला दिसतंय आणि माझ्याच्याने बघवत नाही. पण तू म्हणतेस, तिच्या लेखी खरी माणूस म्हणून मरेन. अगं, तू मेली असतीस तर औषधासाठी म्हणून तुला मरणाच्याच दारात नेलं, हे आकांक्षाला कधी कळलंच नसतं, आणि मला रोज कळलं असतं.

संपलं म्हणतेस तर संपलं. जिवंत राहा आणि मला शिव्या दे.

सरोजिनी


गिरगाव,
२० मार्च

सुभा,

पाच आठवडे झाले. रोज कांताच्या केंद्रावर जाते, नको असताना चार पोळ्या घेते. ती म्हणते, "बऱ्या आहेत, पण काही दिलं नाही हो." बऱ्या म्हणजे कशा, हे तिला सांगता येत नाही.

माफी मागत नाही. मला परत संधी मिळाली तरी मी जाईन आणि सांगेन. फक्त गाठींचं काय ते एका ओळीत कळव. तुझं अक्षर ओळखीचं आहे, बस तेवढं बघायचंय.

सरोजिनी


लालबाग,
६ एप्रिल, रामनवमी

प्रिय सरू,

हे अक्षर माझं नाही, आकांक्षाचं आहे. गोळी बंद झाली तशी बोटं मिटली ती उघडत नाहीत. मनगटं सुजली, पेन धरवत नाही, घास धरवत नाही. डॉक्टर दुसरं काहीतरी हलकं देणार आहेत, पण इतक्यात नको म्हणतात. तर मी बोलते, ही लिहिते. तिने अट घातलीय, मी बोलेन तो शब्द न् शब्द उतरणार, एकही गाळणार नाही. म्हटलं, बरं बाई.

गाठींचं आधी. तुला तेच हवं होतं. परवा स्कॅन झाला. मोठी गाठ निम्मी झालीय. लहान तीन गेल्या. एक आहे तशीच आहे, हलायला तयार नाही. इंजेक्शनं अजून टळलेली नाहीत. जूनमध्ये परत बघणार, आणि ती वाढली तर मग सुटका नाही. म्हणजे दुखण्यातून मी अजून बाहेर नाही, पण खोकला कमी झालाय आणि वजन दोन किलो वाढलंय.

त्या दिवशी डॉक्टरांनी सगळं हिच्यासमोरच विचारलं. मी मान खाली घालून हो हो म्हटलं. घरी आल्यावर हिने चप्पलसुद्धा न काढता स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मसाल्याच्या खोलीची कडी उखडून टाकली. पिंपं गॅलरीत काढली. आणि तेव्हापासून पन्नास दिवस, सरू, माझी वेणी ही घालते, भरवते, संडासला धरून नेते, आणि बोलते काय, तर "उठा", "तोंड उघडा", "पाणी". मनवाला आणून माझ्या मांडीवर ठेवते आणि निघून जाते. मी सासू म्हणून भांडकुदळ बाई, पण याला उत्तर कुठून आणू? त्या खोलीत कडी लावून बसले होते ते बरं होतं. तिथे निदान माझी कडी होती.

तुला लिहिलं नाही ते रागाने. पंधरा दिवस राग होता. मग लाज होती. मग बोटं गेली.

आता आकांक्षा, लिही. सरू, मला कॅन्सरची एवढी भीती वाटली नाही जेवढी या पोरीची वाटली. लिहिलंस? थांबू नकोस. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. सोनं नाही, मानपान नाही. मी तेवढी सोडून सगळं दिलं. आणि वर मला वाटायचं, हिच्या भल्यासाठी लपवतेय. माझ्या भल्यासाठी लपवत होते. ही मला सोडून जाईल म्हणून लपवत होते. थांबलीस का गो? लिही. डोळे पूस आणि लिही.

. . .

सरोजिनीमावशी, आता मी आकांक्षा. आई पुढे बोलत नाहीत, तर माझं लिहिते.

बाटल्या मी मनवा जन्मल्यापासून उकळते. आईंनी दार लावल्यावर त्यांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला, एवढंच. त्या व्हायरसचं मी त्याच आठवड्यात मनवाच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते हसले होते. मी येऊन दारातून सांगितलं, तर आई म्हणाल्या, "ते तुला बरं वाटावं म्हणून बोलले." मग मी हट्ट सोडला. तो सोडायला नको होता, एवढी माझी चूक.

तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत म्हणून त्या माझ्यासमोर बसल्या आहेत. पण त्या गोळ्या तुम्हीच पाठवत होता, तेही मी विसरलेले नाही. दोन्ही लिहून ठेवते.

माझ्या आईवर रागवायला मला वेळच मिळाला नाही. कळलं तेव्हा ती पडलेली होती, आणि पडलेल्या माणसावर कसं रागावणार? सहा वर्षं नुसतं केलं. आता आईंनी मला विचारलं, "अजून राग आहे?" मी म्हटलं, आहे. खूप आहे. त्या घाबरतील असं वाटलं, तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "चला, या घरात कुणीतरी एक खरं बोललं. लिही ते."